खडकातला खराटा

दर्शना कुबलने सिरिंजमध्ये गोटी सोडा भरला, खडकाच्या भोकात सुई घातली आणि दट्ट्या दाबला. आत जरा वेळ खदखद झाली. मग भोकाच्या तोंडाशी देठावरचे दोन डोळे आले, त्यांनी बाहेरच्या जगाकडे नाराजीने पाहिलं, आणि लगेच बोटभर लांबीचा पैलवान टबात येऊन पडला.

"आला," दर्शना म्हणाली. "सोड्याने भलेभले बाहेर येतात."

'पैलवान' हे तिनेच ठेवलेलं नाव. खरं तर ती एका जातीची कोळंबी. पण पुढच्या पायांनी असा ठोसा हाणते की शंखाला भोक पडतं आणि घरातल्या मत्स्यटाकीची काचसुद्धा तडकते. दर्शना माहेरची कराडची, कुस्तीच्या मुलखातली. कुस्तीत ठोसे मारत नाहीत, हे तिला सासरी आल्यावर नणंदेने ऐकवलं होतं. नाव मात्र तेच राहिलं.

दर्शनाचा उद्योग जिवंत खडकांचा. मालवणच्या दक्षिणेला देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे तिचे खडक तराफ्यांना टांगलेले असत. सिमेंट आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा कालवून सच्छिद्र गोळे करायचे आणि खारं पाणी त्यांना आपलंसं करेपर्यंत बुडवून ठेवायचे. दगड काही जिवंत होत नाही. जिवंत असतात ते त्यात राहायला येणारे. आधी जिवाणू येतात, मग शेवाळ, स्पंज, किडे, शंख. माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया हे जिवाणू पचवून टाकतात. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी लावणारा माणूस असा खडक आत ठेवतोच, नाहीतर मासे आपल्याच घाणीत मरतात. इंदूरपासून दुबईपर्यंतचे हौशी लोक दर्शनाचे खडक मागवत.

अडचण एवढीच, की भाडेकरूंबरोबर फुकटेही घुसतात. काचफूल नावाचं एक गोजिरवाणं पारदर्शक फूल असतं. ते फूल नसून प्राणी असतो, शेजाऱ्याला डंख मारतो, आणि उपटायला गेलं तर तुटलेल्या तुकड्याचंही नवं फूल होतं. कुसळकिडे असतात, त्यांना हात लागला की बोटं दिवसचे दिवस चुणचुणतात. केसाळ खेकडे असतात. खडक उकळून काढला तर सगळे मरतात, पण मग जिवाणूही मरतात आणि हातात उरतो नुसता धोंडा. सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून दर्शना एकेका भोकापाशी बसून सोडा मारत असे, आणि तिच्या कमरेला ते आता मानवत नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. अंगणात टेम्पो थांबला आणि त्यातून तिची नणंद उतरली.

"अजून सोडाच?" सुनेत्राने विचारलं.

"बसा, ताई. तुम्हालाही देते एक बाटली. बघू काय बाहेर पडतंय."

सुनेत्रा पुण्याच्या प्रयोगशाळेत रेण्वीय जीवशास्त्राची मोठी बाई होती. या दोघींमध्ये जो पूल असायला हवा होता, तो सुनेत्राचा धाकटा भाऊ म्हणजे दर्शनाचा नवरा, व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातला बराच काळ भर समुद्रात सुखरूप असे. त्यामुळे दोघींना एकमेकींशी थेट बोलावं लागे, आणि त्या बोलतही. कराडची पोरगी आपल्या गावच्या समुद्रावर अधिकारवाणीने बोलते, हे सुनेत्राला गमतीचं वाटे आणि थोडं खुपेही. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं ती पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणे. दर्शनाही हसे. पण प्रत्येक वेळी तेवढंच हसू येतं असं नाही.

टेम्पोतून उतरलेलं यंत्र उभ्या कपाटाएवढं होतं. सासूबाई ओसरीवरून ते निरखत होत्या.

"ह्यो काय गो, नवीन फ्रीज?"

"नाय गो आये. ह्येच्यात खडक ठेवायचो. आत कोण लपलेलो आसा ता ह्यो सांगता," सुनेत्रा म्हणाली. "आत नको असलेलो कोण नसलो तर ह्यो उजवीकडचो हिरवो दिवो लागता. असलाच तर डावीकडचो लाल."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या ग्रामदेवतेच्या देवळात पाषाणावर ओले कळे चिकटवून देवाला प्रश्न घालतात. उजवा कळा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. "म्हणजे ह्यो कौल देता," त्या म्हणाल्या. "बरा केलास. पण चेडवा, प्रश्न नीट घाल हां. देव चुकना नाय, इचारणारो चुकता."

दोघी हसल्या. त्या दिवसापासून यंत्राचं नाव 'कौल' पडलं.

खरोखर ते यंत्र अजब होतं. पाण्यात राहणारा कुठलाही जीव सतत काहीतरी सांडत असतो. कातडीचे कण, चिकटा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा जनुकीय धागा असतो. कौल खडकाभोवतीचं पाणी चाखून ते धागे वाचे आणि आत कोण कोण आहे ते सांगे. त्याला पाण्यात बुडणारे कान होते. कोण कुठल्या भोकात हालचाल करतोय, ते त्यांना ऐकू येई. इथवर नवल नव्हतं, असं दुसऱ्यांनीही केलं होतं. सुनेत्राची करामत पुढे होती. प्रत्येक जातीच्या धाग्यात काही वाक्यं अशी असतात, जी दुसऱ्या कुणाच्याच धाग्यात नसतात. कौल त्यातलं जगायला अत्यावश्यक असं एक वाक्य निवडे आणि तेवढंच मुकं करणारी आरएनएची छोटीशी चिठ्ठी तयार करी. ती चिठ्ठी खाण्याच्या जेलीत मिसळून पाण्यात सोडायची. जेली सगळेच खात, पण चिठ्ठी लागू पडे ती फक्त त्या एका जातीला. पत्र आळीतल्या सगळ्या घरांत पडतं, पण ज्याचं नाव त्यालाच वाचता येतं, तसं. बाकीच्यांच्या पोटात ती चिठ्ठी विरघळून जाई.

हे सगळं इंदूरच्या मत्स्यटाक्यांसाठी नव्हतं. दर्शनाच्या शेडमध्ये मागच्या बाजूला एक मोठी, थंड ठेवलेली टाकी होती. दोन हजार एकोणपन्नास सालच्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की मालवणजवळचे प्रवाळ एका हंगामात पांढरे पडले आणि मेले. त्यातून ज्या काही वसाहती दर्शनाने आणि तिच्या माणसांनी बाहेर काढल्या, त्या या टाकीत होत्या. शेडमध्ये त्यांना माहेरवाशिणी म्हणत. आजारपणात माहेरी आणलेल्या लेकींना बरं वाटलं की सासरी पाठवायचं, तसं यांना एक दिवस समुद्रात परत पाठवायचं होतं. आता समुद्र जरा निवला होता, आणि टाकीत त्या वर्षागणिक आक्रसत होत्या. त्या जातीच्या त्या किनाऱ्यावरच्या एवढ्याच उरल्या होत्या. पाठवणी फसली तर पुन्हा पाठवायला कुणी शिल्लक नव्हतं.

प्रवाळ नुसत्या मेलेल्या दगडावर तग धरत नाहीत. त्यांना जिवंत खडकाचं बूड लागतं. आणि किनारा प्राधिकरणाची अट अशी, की समुद्रात न्यायच्या खडकात एकही उपद्रवी जीव असता कामा नये. अट काही वेडगळ नव्हती. दुसरीकडे कुणीतरी घाई केली होती आणि काचफुलांनी तिथलं पुरतं वाटोळं केलं होतं.

कौलला मात्र आधी कळायला हवं होतं, की नको कोण. ते दर्शनाने सांगायचं होतं.

"तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?" सुनेत्रा म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली.

दर्शनाकडे हौशी लोकांच्या तक्रारींचा साठाच होता. पैलवानाने काच तडकवली. काचफुलांनी टाकी भरली. कुसळकिडा चावला. आणि सगळ्यात जास्त शिव्या केसाळ खेकड्याला: नखाएवढा, नांग्यांवर दाट केस, अंधार पडला की प्रवाळावर चढतो आणि त्याला खरवडून खातो. दर्शना नावं सांगत गेली, सुनेत्रा यंत्राला शिकवत गेली. महिन्याभरात पहिले खडक तयार झाले. लाल दिवा विझला, हिरवा लागला, आणि सासूबाईंनी यंत्रापुढे साखर ठेवली.

खऱ्या समुद्राची सवय व्हावी म्हणून माहेरवाशिणींना त्या स्वच्छ खडकांवर बसवून खाडीचं गढूळ पाणी खेळवलेल्या टाक्यांत ठेवलं. पहिला आठवडा छान गेला. मग त्यांच्या पाठीवर गाळाचा थर दिसू लागला. प्रवाळ स्वतः चिकटा सोडून गाळ झटकतो, पण यांना रोजच्या रोज एवढं झटकणं जमेना. थराखाली रंग उडू लागला. कडा पांढऱ्या पडल्या.

दर्शनाने पाणी तपासलं, मीठ तपासलं, तापमान तपासलं. खडक पुन्हा कौलपुढे ठेवला. हिरवा. दुसरा ठेवला. हिरवा.

"यंत्र चुकलेलं नाही," सुनेत्रा म्हणाली. "आत एकही नकोसा जीव नाही."

"मग पांढरे का पडतायत?"

"ते तू सांग. प्रवाळ तुझे, खडक तुझे."

"म्हणजे चूक माझी."

"मी तसं म्हटलं नाही."

"न म्हणता म्हणायची कला या घराण्यात आहेच."

सुनेत्रा दमली होती, आणि दमलेल्या माणसाची जीभ घसरते. "दर्शना, हा समुद्र आहे. कृष्णेचा घाट नाही, उतरलं आणि पाय धुतले. इथे जन्मावं लागतं."

दर्शनाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती शेडबाहेर गेली. तिला ते फार लागलं. ज्या पाण्यात तिने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती, त्या पाण्याच्या काठावर आपण अजून पाहुण्याच आहोत, आणि तेही बिनबोलावलेल्या, असं तिला वाटलं. त्या दिवशी ती जेवलीही नाही. सासूबाईंनी दोघींची तोंडं पाहिली आणि कालवण मुकाट्याने झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा तराफ्यावर तिला शोधत आली. बोटीत पाय ठेवला की सुनेत्राला मळमळतं. इथे जन्मून काय उपयोग झाला, असं विचारायची ती उत्तम वेळ होती, पण दर्शनाने विचारलं नाही.

"चल जरा," सुनेत्रा म्हणाली. "मला काहीतरी ऐकू येतंय आणि ते काय आहे ते मला कळत नाहीये. काल मी बोलले ते... चल आधी."

स्वच्छ खडक कमी पडले म्हणून सगळ्यात लहान माहेरवाशीण, धाकटी, कोपऱ्यातल्या टबात एका जुन्या खडकावर बसवलेली होती. त्या खडकाला नुसता सोडा मारलेला होता, कौलची चिठ्ठी त्याला मिळालीच नव्हती. पाणी तेच गढूळ. आणि धाकटी मात्र टुकटुकीत, तपकिरी-हिरवी, कडेपर्यंत फुललेली. सुनेत्राने तो खडक कौलला दाखवला होता आणि यंत्राने लालभडक नकार दिला होता. मग तिने पाण्यात कान सोडला.

दर्शनाने हेडफोन लावले.

खर्र. खर्र. जरा थांबून पुन्हा खर्र.

"हे तर आई अंगण झाडतायत," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी आत्ता आईला चहा प्यायला बसवून आलेय. ऐक."

अंगणात शांतता होती. खराटा भिंतीला टेकलेला दिसत होता. आणि पाण्यात झाडणं चालूच होतं.

टबावरचं रात्रीचं झाकण अजून तसंच होतं; सुनेत्राने त्याखालून सुईएवढा कॅमेरा धाकटीजवळ नेला. खडकाच्या खोल भोकातून नखाएवढा केसाळ खेकडा बाहेर आला, प्रवाळावर चढला आणि कामाला लागला. नांग्यांवरच्या त्या दाट केसांनी तो गाळ ओढत होता, कडेला नेत होता, खाली लोटत होता. एक पट्टा झाला की दुसरा. मग त्याने नांग्या एकमेकींवर घासून केस साफ केले आणि पुन्हा सुरुवात केली. गाळाबरोबर जे खाण्यासारखं मिळालं तेवढं त्याने खाल्लं. प्रवाळाला त्याने ओरखडाही काढला नाही.

दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण," दर्शना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं. "ताई, कळलं मला. तक्रारी कुणाच्या होत्या? इंदूरच्या, दुबईच्या. त्यांच्या टाकीत पाणी आरशासारखं. गाळ नाही. याला झाडायला काही नाही, खायला काही नाही. मग हा बिचारा अंगणच उकरत बसला. तिथे तो उपद्रवी, खरंय. इथे तोच घर राखतो. आणि मी त्यांच्या घरातला गुन्हेगार आपल्या घरात पकडून दिला."

"पकडून दिलास तू, मारला मी," सुनेत्रा म्हणाली. "आणि यंत्राने अगदी बरोब्बर उत्तर दिलं. आपण विचारलं, नको कोण? त्याने सांगितलं."

"देव चुकना नाय."

"इचारणारो चुकता," सुनेत्राने वाक्य पुरं केलं. मग ती खाली बघत म्हणाली, "काल मी फार वाईट बोलले. माझी चूक झाली."

दर्शनाने तिच्या हातात हेडफोन दिले. एवढ्यावर ते मिटलं.

त्यापुढचे दिवस शेडमध्ये जत्रेसारखे गेले. कल्पना सुनेत्राची, मांडणी दर्शनाची. एका खडकातून फक्त एकच जात नाहीशी करायची, बाकी जगाला धक्का न लावता, असं याआधी कुणाला करता आलं नव्हतं. कौलला ते येत होतं. आजवर त्याच्याकडून फाशीचं काम करून घेतलं. आता त्याच्याकडून ओळख करून घ्यायची. प्रश्न बदलला. 'नको कोण?' ऐवजी 'हा गेला तर काय होतं?' ओळीने टब मांडले. एकात सगळे, पण काचफूल नाही. एकात सगळे, पण पैलवान नाही. एकात कुसळकिडे नाहीत. एकात केसाळ खेकडा नाही.

काचफूल गेलं आणि कुणी त्याच्या नावाने रडलं नाही. पैलवान गेला तरी कुणाचं अडलं नाही. कुसळकिडे गेले त्या टबात मात्र खडकाच्या पोटात सडकी अंडी फुटल्यासारखा वास मारू लागला. सांदीकोपऱ्यातली घाण तेच खात होते. आणि केसाळ खेकडा गेला तिथे प्रवाळावर पुन्हा गाळ चढला. तोच खेकडा परत सोडला, आणि झाडलोट सुरू झाली. पांढऱ्या पडलेल्या माहेरवाशिणींच्या टाक्यांत दर्शनाने तराफ्यांवरून गोळा केलेले खेकडे आणि कुसळकिडे सोडले. होळी येईपर्यंत त्यांच्या कडांना रंग परत आला.

आता उरली प्राधिकरणाची तपासणी. अट स्पष्ट होती: यंत्राचा हिरवा दिवा. आणि खेकडा आणि कुसळकिडे असतील तोवर दिवा लालच लागणार होता.

"सोपं आहे," दर्शना म्हणाली. "यंत्राला सांगा, हा खेकडा आणि कुसळकिडे नकोशांत नाहीत. दिवा हिरवा. कुणी विचारणारही नाही, आणि पावसाळ्याआधी पाठवणी होईल."

सुनेत्राने यंत्राच्या दोन्ही दिव्यांकडे पाहिलं. कौल तिच्या आयुष्याचं काम होतं. पहिल्याच तपासणीत त्याने लाल दिवा दाखवावा, हे कुठल्या संशोधकाला आवडेल?

"नको," ती म्हणाली. "देवळात बघितलंयस ना? डावा कळा पडला की काही लोक पुन्हा कळे लावायला लावतात. पुन्हा. पुन्हा. उजवा पडेपर्यंत. लहानपणापासून मी त्यांना हसत आलेय. आता म्हातारपणी तेच करू? लाल लागतोय तर लाल लागू दे. प्राधिकरणाच्या बाई आल्या की त्यांना दाखवू, लाल का आहे ते."

"नाही म्हणाल्या तर?"

"तर माहेरवाशिणी अजून एक वर्ष माहेरी. पण त्यांना सोडताना आपण खोटं बोललो असं व्हायला नको."

प्राधिकरणाच्या डॉ. रणदिवे बाई उंच, करारी आणि अतिशय कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खडक कौलमध्ये ठेवायला सांगितला. लाल दिवा लागला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे तुम्ही मला मुद्दाम बोलावून दाखवताय?"

"हो, मॅडम," सुनेत्रा म्हणाली. "यंत्र बरोबर आहे. आमचा प्रश्न चुकला होता. पुढचं ही सांगेल. या समुद्राबद्दल आमच्या घरात हिच्याइतकं कुणाला कळत नाही."

दर्शनाने एकदम नणंदेकडे पाहिलं. सुनेत्रा टबाकडे बघत होती.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दर्शनाने दोन टब पुढे ओढले. दोन्हींत सारखे प्रवाळ, सारखे खडक. एकात खेकडे, एकात नाहीत. बादलीतला खाडीचा चिखल तिने दोन्ही टबांत सारखा ओतला आणि झाकण अर्धवट ओढून आत काळोख केला. चहा आला, तो निवला. एका टबात गाळ बसला तो बसलाच. दुसऱ्यात चार खेकडे बाहेर आले आणि त्यांनी शिमग्यानंतरच्या अंगणासारखी ती पाठ झाडून काढली. रणदिवे बाई गुडघ्यांवर बसून बघत होत्या. त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि तो लवकर काढला नाही.

"समुद्रात नेल्यावर हा दुसऱ्या कुणाचं काही बिघडवणार नाही कशावरून?"

"हा मूळचा याच पाण्यातला, मॅडम, आणि कुसळकिडेही. आम्ही खडक टांगला, आणि हा आपण होऊन राहायला आला. इंदूरला तो परका. इथे तो परका नाही, आपण त्याला परका ठरवला."

बाई उठल्या, साडी झटकली. "अहवालात मी लाल दिवा लागला असंच लिहीन," त्या म्हणाल्या. "आणि त्याखाली लिहीन की परवानगी का दिली. अटीचे शब्दही बदलायला हवेत, तेही लिहीन. मात्र एक वसाहत मागे ठेवा."

धाकटी मागे राहिली. पण एकटीने वंश चालत नाही, हे तिघींनाही ठाऊक होतं.

पाठवणीच्या दिवशी सासूबाई नारळ आणि तांदूळ घेऊन किनाऱ्यावर हजर झाल्या. "माहेरवाशीण रिकाम्या वटीन पाठवतत काय?" त्यांनी विचारलं, आणि प्रवाळ भरलेल्या पिंपांपुढे रीतसर ओटी ठेवली. दर्शनाने पाण्याखाली एकेक खडक जुन्या मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांमध्ये रोवला, सागरी सिमेंटने पक्का केला. भोकांत खेकडे मुकाट बसलेले होते. शेवटी तिने कौलचा एक कान तिथेच बांधला आणि त्याची तार किनाऱ्यापर्यंत आणली.

मग समुद्र बंद झाला. पावसाळ्यात या पाण्यात बुडी मारणं म्हणजे जीव द्यायला जाणं. कर्लीला पूर आले, लाल माती समुद्रात लांबवर पसरली, आणि दर्शना रोज किनाऱ्यावर जाऊन ती लाली कुठवर गेली ते बघे. एवढ्या गाळाला नखाएवढे खेकडे पुरे पडतील? सुनेत्रा पुण्याला गेलीच नाही. दोघी ओसरीवर बसून आळीपाळीने हेडफोन लावत. लाटांची घुसळण, वाळूची सळसळ, आणि त्यातून मधूनच खर्र, खर्र. आवाज आला की ऐकणारी दुसरीला नुसता हात वर करून दाखवी. कधी दिवस दिवस हात वर होत नसे. श्रावण लागता लागता एका वादळात तार तुटली. त्यानंतर ऐकायलाही काही उरलं नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होड्या लोटल्या, आणि पाणी निवळल्याबरोबर दर्शनाची बोट निघाली. सुनेत्रा हट्टाने बोटीत चढली आणि काठ घट्ट धरून बसली. होडी वल्हवणारा तांडेल नवीन होता.

"ह्ये बाई खंयच्या?" त्याने विचारलं.

"आमची दर्शना," सुनेत्रा दात आवळून, मळमळ आवरत म्हणाली. "देवबागची."

दर्शनाने पाण्यात उडी घेतली.

खाली सगळीकडे लाल गाळाची साय होती. जुन्या सांगाड्यांवर, दगडांवर, तळाच्या वाळूवर. मग गाळाच्या त्या पसाऱ्यात तिला एक स्वच्छ गोल दिसला. तपकिरी-हिरवा, झळझळीत. त्याच्या पलीकडे दुसरा. मग तिसरा. सगळ्या माहेरवाशिणी आपापल्या घरात होत्या. एवढंच नाही, त्यांच्या कडा सिमेंट ओलांडून मेलेल्या सांगाड्यावर पसरल्या होत्या. नवी, कोवळी, फिकट कड. दर्शनाने जवळ जाऊन पाहिलं. गाळ झाडून कडेला रचलेला होता, अंगणाच्या कोपऱ्यात केर लोटून ठेवावा तसा. भोकात एक केसाळ खेकडा होता, आणि त्याच्या मागे तांदळाच्या कण्यांएवढी त्याची पिल्लं. शेजारच्या जुन्या, मेलेल्या खडकाच्या एका भोकाशीही झाडल्याच्या खुणा होत्या. खेकडे पुढच्या घरांची सोय बघायला निघाले होते.

पाण्याखाली रडता येत नाही असं म्हणतात, पण मुखवट्याच्या आत येतं. वर येऊन तिने बोटीचा काठ पकडला आणि मुखवट्यातलं पाणी ओतून टाकलं.

"काय गं?" सुनेत्रा वाकली. ती मळमळ विसरली होती. "बोल ना. काय आहे?"

"झाडतायत, ताई," दर्शना म्हणाली. "सगळं घर झाडून ठेवलंय."

सुनेत्राने तिचा ओला हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही.

किनाऱ्यावर सासूबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. होडी जवळ येते न येते तोच त्यांनी हाक घातली, "काय गो, खंयचो कौल?"

दोघींनी एकदमच उजवा हात वर केला.